ख्रिस्ती स्त्रिया, महाराष्ट्रातील आद्य

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म निरनिराळ्या काळी आला. त्या प्रत्येक काळाच्या आरंभी त्याचा स्वीकार करणाऱ्या, तो घरात व समाजात टिकविणाऱ्या आणि त्याची शिकवण इतरांपर्यंत पोहोचविणाऱ्या स्त्रियांचा येथे विचार केला आहे. त्यांपैकी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्या दोघी सर्वपरिचित आहेत. इतर बहुतेकींची नोंद पतीच्या, पित्याच्या किंवा मिशनच्या वृत्तांतात ओघाने आलेली असून अनेकींची नावेही उपलब्ध नाहीत. त्यामुळे पुरुषाने धर्म बदलला आणि स्त्री त्याच्यामागून गेली, असा समज रूढ झाला. उपलब्ध साधने बारकाईने पाहिल्यास हा समज अपुरा ठरतो. काही स्त्रियांनी पतीचा धर्म दीर्घकाळ नाकारला, काहींनी तो स्वतःच्या विचाराने व स्वतःच्या वेळी स्वीकारला आणि काहींनी स्वीकारल्यानंतरही धर्मगुरूंच्या व मिशनऱ्यांच्या अधिकाराला प्रश्न विचारले.

प्राचीन पार्श्वभूमी : साधनांची ही अडचण ख्रिस्ती धर्माच्या उगमापासूनची आहे. नव्या करारातील ‘रोमकरांस पत्र’ ह्याच्या अखेरच्या अध्यायात पौलाने किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस केली आहे. प्रिस्का, मरिया, यूनिया इ. स्त्रियांना नमस्कार कळविला आहे. फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने आपले घर पौल व त्याच्या सोबत्यांना खुले केले. आरंभीच्या मंडळ्या घरांतच भरत असल्याने घराची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीला त्यांत साहजिकच महत्त्व होते. तथापि ह्या स्त्रियांविषयी एकदोन ओळींपलीकडे माहिती मिळत नाही.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी ह्याने सम्राट ट्रेजन ह्यास लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी दोन दासींचा छळ केल्याचे नमूद केले आहे. त्यांच्या समाजात त्यांना ‘सेविका’ म्हणत, एवढेच तो सांगतो. त्यांची नावे देत नाही. १७७ मध्ये ल्यों (फ्रान्स) येथे हौतात्म्य पावलेली दासी ब्लँडिना हिचे वर्णन तेथील मंडळीच्या पत्रात आढळते. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेच्युआ ही तरुण माता व फेलिसिटस ही दासी ह्यांना मारण्यात आले. पर्पेच्युआने कारागृहात लिहिलेले टिपण सुदैवाने टिकून राहिले आहे. तान्ह्या मुलाची काळजी, धर्म सोडण्यासाठी वृद्ध पित्याने केलेली विनवणी आणि तिला पडलेली स्वप्ने तिने त्यात सांगितली आहेत. ख्रिस्ती स्त्रीने आपल्या श्रद्धेविषयी स्वतः केलेले हे अगदी प्रारंभीचे लेखन होय. अशी उदाहरणे विरळाच. बहुतेक स्त्रियांची माहिती प्लिनीच्या पत्रासारख्या दुसऱ्याच हेतूने लिहिलेल्या कागदांतून मिळते.

भारतीय परंपरा व ठाणे येथील स्त्री : भारताशी संबंधित अशी सर्वांत जुनी ख्रिस्ती कथा तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेल्या ‘थॉमसची कृत्ये’ ह्या ग्रंथात आहे. तिच्या ऐतिहासिकतेबद्दल विद्वानांत एकमत नाही. तथापि तीत स्त्रियांना मिळालेले स्थान लक्षणीय आहे. प्रेषित थॉमसचे गीत प्रथम समजते ते एका बासरीवादक हिब्रू मुलीला. पुढे दरबारातील मान्यवराची पत्नी मिग्डोनिया, तिची दाई आणि राणी टर्शिया ह्या पतींचा विरोध पत्करून थॉमसचा उपदेश स्वीकारतात. पतीची इच्छा व पत्नीची श्रद्धा ह्यांतील संघर्ष हा ह्या कथेचा गाभा आहे. पुढील काळात महाराष्ट्रात हाच प्रश्न वारंवार उपस्थित झाल्याचे दिसते.

कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती वसाहतीचा जुना उल्लेख सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टीझ ह्याचा आहे. ‘कॅलिआना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे त्याने लिहिले असून हे स्थळ सामान्यतः कल्याण समजले जाते. चौदाव्या शतकात ठाणे येथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याची नोंद ओडोरिक द पोर्देनोने ह्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने केली आहे. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस १९७० नंतर नवी मुंबई हे शहर वसविण्यात आले. ते आणि कल्याण व ठाणे ही दोन्ही प्राचीन बंदरे एकाच खाडीपरिसरात मोडतात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती स्त्रीविषयीच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक ह्याच परिसरातील आहे.

एप्रिल १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. ओडोरिकच्या वृत्तांतानुसार ते एका नेस्टोरियन कुटुंबात उतरले होते. त्या घरातील पतिपत्नींचे भांडण होऊन पतीने पत्नीस मारहाण केली. तिने काझीकडे तक्रार नेली. पुरावा काय, असे काझीने विचारता, आपल्या घरी चार फिरंगी साधू राहत असून त्यांनी हा प्रकार पाहिला आहे, असे तिने सांगितले. तेथे हजर असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका गृहस्थाने हे साधू धर्मशास्त्राचे जाणकार असून त्यांना वादासाठी बोलवावे, असे सुचविले. ह्या वादाचे पर्यवसान अखेर त्यांच्या हत्येत झाले. त्यांचा सोबती जॉर्डेनस ह्याने त्यांचे मृतदेह सोपारा येथे नेऊन पुरले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या.

ओडोरिकला ह्या धर्मबंधूंच्या हौतात्म्याची कथा सांगावयाची होती. ज्या स्त्रीच्या तक्रारीपासून ही कथा सुरू होते, तिचे नाव त्याने दिलेले नाही. तिचे पुढे काय झाले, हेही तो सांगत नाही. परंतु ह्या त्रोटक उल्लेखावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. अल्पसंख्य समाजातील ही स्त्री मारहाण मुकाट्याने सहन न करता परधर्मीय न्यायाधीशापुढे उभी राहिली आणि आपल्या घरच्या साधूंना तिने साक्षीदार म्हणून पुढे केले. साधूची साक्ष खरी मानली जाईल, ही तिची अपेक्षा होती. तिच्या श्रद्धेविषयी ह्याहून अधिक काही म्हणणे योग्य होणार नाही. पण तिचे धैर्य नोंदलेले आहे.

पोर्तुगीज काळ : १५३४ मध्ये वसई व भोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यावर वसई, साष्टी, ठाणे इ. भागांत रोमन कॅथलिक पंथाचा प्रसार झाला. ह्या काळातील धर्मांतरे बहुधा कुटुंबे वा वस्त्या ह्यांच्या स्वरूपात झाली. त्यामुळे एकेका स्त्रीचा विचार साधनांतून कळत नाही. गोव्यात १६०६ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिश ह्याच्या पुढाकाराने सांता मोनिका हा जोगिणींचा मठ स्थापन झाला. स्त्रियांसाठी आशिया खंडात स्थापन झालेल्या आद्य ख्रिस्ती मठांत त्याची गणना होते. फादर स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण (१६१६) मराठी ओव्यांत रचलेले असून चर्चमध्ये ते वाचून दाखविले जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा स्त्रियांपर्यंत ख्रिस्तकथा त्यांच्या परिचयाच्या पुराणशैलीत ह्या वाचनाने पोहोचली.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर बहुसंख्य पोर्तुगीज निघून गेले. एतद्देशीय ख्रिस्ती समाज मात्र तेथेच राहिला. १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केलेल्या ह्या समाजात मराठी बोली, लुगडे, लग्नातील गाणी व विधी ह्यांचे जतन मुख्यतः स्त्रियांनी केले. जपमाळेची प्रार्थना, सणावारांचे पदार्थ व मुलांना दिलेली पहिली धर्मशिकवण हे घरातले व्यवहार स्त्रियांच्या हाती होते. धर्म परका असला, तरी त्याचे घर मराठी राहिले, ह्याचे श्रेय बव्हंशी त्यांच्याकडे जाते.

मिशनच्या शाळा : मराठी भाषक प्रदेशात प्रॉटेस्टंट पंथाचे कार्य १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मुंबईतील आगमनाने सुरू झाले. ह्या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची पहिली शाळा काढली. १८२७ अखेर आलेली सिंथिया फरार (१७९५–१८६२) ही परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्री-मिशनऱ्यांपैकी एक होय. मुंबईत व १८३९ पासून अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे तिने मृत्यूपर्यंत मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले तिच्या शाळा पाहून प्रभावित झाले होते. सावित्रीबाई फुले ह्यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण तिच्या संस्थेत झाल्याचे सांगितले जाते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन ह्यांची पत्नी मार्गारेट (मृ. १८३५) हिनेही १८२९ नंतर मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या.

ह्या शाळांत येणाऱ्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या नाहीत. मात्र वाचन शिकल्या. पुढे ज्या थोड्या स्त्रियांनी धर्म स्वीकारला, त्यांच्या श्रद्धेत स्वतः ग्रंथ वाचण्याला विशेष महत्त्व आले, त्याचे मूळ ह्या शाळांत आहे. बाबा पदमनजी ह्यांच्या यमुनापर्यटन (१८५७) ह्या मराठीतील आद्य कादंबरीची नायिका शिकलेली असून मनाने ख्रिस्ती झालेली आहे. हिंदू विधवांची दुःस्थिती दाखविणे हा कादंबरीचा मुख्य हेतू असला, तरी सासरी राहून अंतःकरणात वेगळी श्रद्धा बाळगणारी स्त्री मराठी कथावाङ्‌मयाच्या आरंभीच अवतरली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तिच्यासारख्या प्रत्यक्षातल्या स्त्रियांची नोंद कोणत्याही बाप्तिस्मा-नोंदवहीत होणे शक्य नव्हते.

पतीचा धर्म व पत्नीचा निर्णय : एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या उच्चवर्णीय पुरुषांच्या पत्नींपुढे अवघड पेच उभा राही. पतीबरोबर राहिल्यास माहेर, जात व पूर्वीचे सर्व संबंध सुटत. न राहिल्यास सधवा असूनही परित्यक्तेचे जिणे वाट्यास येई. जातिबहिष्कृतांचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित झाला. विवाहाच्या प्रश्नासाठी १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा करण्यात आला. धर्मांतरामुळे जोडीदार एकत्र राहण्यास तयार नसेल, तर त्या जोडीदारालाच त्याविषयी प्रत्यक्ष विचारावे आणि फेरविचारासाठी अवधी द्यावा, अशी तरतूद त्यात होती. तिच्यामुळे पत्नीचा नकार हा तिचा स्वतःचा आहे की नातेवाइकांनी वदविलेला, हे न्यायालयाला पाहावे लागे. पत्नीच्या धर्मविषयक मताला अशा रीतीने कायद्यात स्थान मिळाले.

अहमदनगर येथील हरिपंत खिस्ती हे मुंबई इलाख्यात ख्रिस्ती झालेल्या पहिल्या काही ब्राह्मणांपैकी एक होत. त्यांची पत्नी राधाबाई ह्यांचे स्वतःचे लेखन नाही. परंतु त्यांची कन्या कृपाबाई सत्यनाथन् (१८६२–९४) हिने सगुणा ह्या इंग्रजी आत्मचरित्रात्मक कादंबरीत आईवडिलांच्या धर्मांतराची हकीकत कथारूपाने सांगितली आहे. तीतील आई पतीच्या घरी येते, ती त्याचा नवा धर्म पटला म्हणून नव्हे. ती आपला आचार पाळते, विटाळाच्या कल्पना सोडीत नाही आणि पतीही तिच्यावर बळजबरी करीत नाही. तिची श्रद्धा हळूहळू, सहवासातून व निरीक्षणातून बदलते. पतीचे धर्मांतर एका निर्णयाचे, तर पत्नीचे अनेक वर्षांचे, हा फरक कृपाबाईंनी सूक्ष्मपणे टिपला आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३६) ह्या आत्मचरित्रात हीच प्रक्रिया प्रत्यक्ष अनुभवणारीच्या शब्दांत आली आहे. ना. वा. टिळक ह्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये घेतला. मधल्या पाच वर्षांत काही काळ त्या पतीपासून दूर होत्या, तर काही काळ एकत्र राहूनही आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवीत होत्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हा विचार मनात पक्का झाल्यावर त्यांनी प्रथम कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला आणि त्यानंतर त्या बाप्तिस्म्याकडे वळल्या. राधाबाईंच्या व लक्ष्मीबाईंच्या हकीकतींतील साम्य उघड आहे. पाणी, चूल व पंगत ही स्त्रियांच्या धर्मनिर्णयाची खरी स्थळे होती. सिद्धांतांचा वाद त्यामानाने गौण होता.

काही स्वतंत्र वाटा : कृपाबाईंचा जन्म अहमदनगर येथे झाला. मुंबईत शिक्षण घेतल्यावर इंग्लंडला जाऊन वैद्यकाचा अभ्यास करण्याची संधी त्यांना प्रकृतीमुळे सोडावी लागली. त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविला. पण प्रकृती ढासळल्याने तो अभ्यासही अपुरा राहिला. १८८३ मध्ये सॅम्युएल सत्यनाथन् ह्यांच्याशी विवाह झाल्यावर उटकमंड येथे त्यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. सगुणा १८८७-८८ मध्ये मद्रासच्या मासिकातून क्रमशः व कमला ही दुसरी कादंबरी १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगुणामध्ये ख्रिस्ती श्रद्धा मनःपूर्वक व्यक्त झाली असली, तरी एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना कमी लेखणाऱ्या मिशनऱ्यांच्या वृत्तीवर त्यांनी स्पष्ट टीका केली आहे.

रमाबाईंबरोबर १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी वाँटेज येथील मठात राहत असताना आत्महत्या केली. धर्मांतराची सक्ती होईल, ह्या भीतीने त्यांना ग्रासले होते, असे सांगितले जाते. त्यांनी धर्म स्वीकारला नव्हता; तथापि परक्या देशात, परक्या धर्माच्या छायेत सापडलेल्या स्त्रीची कोंडी त्यांच्या मृत्यूने प्रकट केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे आपली सदसद्‌विवेकबुद्धी कोणत्याही धर्मगुरूच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. सिस्टर जेराल्डिन प्रभृतींशी ह्याबाबत झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रकाशित झाला असून स्त्रियांच्या धर्मचिंतनाचे ते महत्त्वाचे साधन आहे.

रमाबाईंच्या शारदा सदनात (स्था. १८८९) काम केलेल्या सुंदराबाई पवार ह्यांनी पुण्यात स्त्रियांना धर्मकार्याचे शिक्षण देणारी संस्था चालविली, अफूच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये भाषणे दिली. शेवंतीबाई निकंबे ह्यांनी मुंबईत विवाहित हिंदू मुलींसाठी शाळा चालविली. त्यांची रतनबाई (१८९५) ही इंग्रजी कथा एका हिंदू तरुणीच्या शिक्षणाची आहे. धर्मांतराचा आग्रह तीत नाही. गुरुबाई करमरकर ह्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून १८९२ मध्ये पदवीधर झाल्या. त्याच संस्थेतून १८८६ मध्ये उत्तीर्ण झालेल्या आनंदीबाई जोशी अल्पायुषी ठरल्या. गुरुबाईंनी मात्र अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत अनेक वर्षे रुग्णसेवा केली. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई (१८८१–१९२१) हिने केडगाव येथील कार्याचा मोठा भार वाहिला आणि गुलबर्गा (सध्याचे कलबुर्गी) येथे शाळा सुरू केली. ह्या सर्वजणींच्या श्रद्धेचा आविष्कार मुख्यत्वे शिक्षण व सेवा ह्या क्षेत्रांत झाला.

खेड्यांतील स्त्रिया : अहमदनगर, जालना इ. भागांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. ह्या स्त्रियांच्या बाबतीत पेच वेगळा होता. सोवळे सुटण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. अस्पृश्यता धर्मांतरानंतरही सुटत नव्हती. पाणवठा पूर्वीसारखाच बंद राही, कष्टही तेच राहत. नव्याने मिळालेली गोष्ट म्हणजे अक्षरज्ञान. वाचता येणाऱ्या काही स्त्रियांची मिशनने ‘बायबल वूमन’ म्हणून नेमणूक केली. त्या खेडोपाडी पायी जात, घरोघरच्या स्त्रियांना बायबलमधील कथा वाचून दाखवीत, गाणी शिकवीत व आजाऱ्यांची विचारपूस करीत. परदेशी मिशनऱ्यांना ज्या घरांत प्रवेश नव्हता, तेथे ह्या स्त्रिया पोहोचल्या. त्यांचे वेतन तुटपुंजे होते आणि पाळकपदाचा मार्ग त्यांना खुला नव्हता. मिशनच्या अहवालांत त्यांचे काम नोंदले गेले. त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप त्यांच्याच शब्दांत मात्र क्वचितच लिहिले गेले.

केडगावचे मुक्तिसदन हे ह्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १८९६-९७ व १९०० ह्या दुष्काळांत आश्रयास आलेल्या स्त्रिया व मुली ह्यांची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. १९०५ मध्ये तेथे सामूहिक प्रार्थनेची मोठी लाट आली. तिचे नेतृत्व बव्हंशी ह्या अनामिक मुलींकडेच होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तेथील छापखान्यात छापले गेले. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे आश्रमातील स्त्रिया करीत. त्यांच्यापैकी कित्येकींना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती. भाषांतरकर्तीचे नाव इतिहासात राहिले. खिळे जुळविणाऱ्या हातांची नावे राहिली नाहीत.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील आद्य ख्रिस्ती स्त्रियांचा इतिहास दीर्घकाळ मिशनांच्या इतिहासाचा एक उपविभाग म्हणून लिहिला गेला. अलीकडे स्त्री-अभ्यासाच्या दृष्टीने कृपाबाई, शेवंतीबाई इत्यादींच्या लेखनाचे पुनर्मुद्रण व विवेचन झाल्याने त्यात बदल होत आहे. तथापि लिहू शकणाऱ्या, बहुधा उच्चवर्णीय व शहरी स्त्रियांवरच हे संशोधन अद्याप केंद्रित झालेले दिसते. ठाण्याच्या काझीपुढे उभी राहिलेली स्त्री, खेड्यातील बायबल वूमन आणि मुक्तिसदनाच्या छापखान्यातील मुलगी ह्यांच्याविषयीची साधने त्रोटक व विखुरलेली आहेत. न्यायालयीन कागद, बाप्तिस्म्याच्या नोंदी, मिशनचे अहवाल, ज्ञानोदय (स्था. १८४२) ह्या नियतकालिकाचे जुने अंक व मौखिक परंपरा ह्यांचा एकत्रित अभ्यास झाल्यास त्यांच्या जीवनावर अधिक प्रकाश पडू शकेल. उपलब्ध माहितीवरून एवढे निश्चित म्हणता येते, की ह्या स्त्रियांची श्रद्धा पुरुषांच्या श्रद्धेची छाया नव्हती. ती स्वीकारताना, नाकारताना वा लांबणीवर टाकताना त्यांनी घर, जात व उपजीविका पणास लावली होती.